दुर्बीण स्वच्छ, मग रक्त कुठून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्वादुपिंडाच्या जुनाट दाहावरचा लेख वाचला. पोटदुखी, मधुमेह, तेलकट शौच, जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, सगळं त्यात होतं. या आजारात आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊन आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, त्याचा मात्र उल्लेखही नाही. ही गुंतागुंत क्वचितच होते, मान्य. पण आमच्या घरात ती झाली, म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ १२ वर्षं या आजाराने त्रस्त आहे. गळ्यात तुळशीची माळ, तरी प्रत्येक नवा डॉक्टर आधी ‘किती घेता?’ हेच विचारतो. दारू हे मोठं कारण आहेच, पण आपल्या देशात तिला कधीही न शिवलेल्यांतही हा आजार पुष्कळ आढळतो. गेल्या वर्षी भावाला शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. रक्तवाढीच्या गोळ्यांनी होत असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस घेरी येऊन पडला. हिमोग्लोबिन ६. रक्त चढवलं, दुर्बीण घातली, जठर स्वच्छ निघालं, घरी पाठवलं. महिन्याभराने पुन्हा तेच, आणि दुर्बीण पुन्हा स्वच्छ.

तिसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, काळं व्हायच्या आधी पोटात जोराची कळ येऊन मग एकदम उतरते का? अगदी तसंच व्हायचं! त्यांनी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करायला लावली. प्लीहेकडे जाणारी धमनी स्वादुपिंडाला लगटूनच जाते. अन्न पचवायचे रस ग्रंथीबाहेर पाझरून तिची भिंत कुरतडतात, तिथे फुगा धरतो, तो फुटला की रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात उतरतं. नळीत गुठळी अडकली की कळ, सुटली की आराम आणि मागोमाग काळं शौच. रक्त थांबून थांबून येतं. त्यात नळीचं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर, त्यामुळे समोर बघणाऱ्या दुर्बिणीला ते नीट दिसत नाही. सँडब्लॉम या स्वीडिश शल्यविशारदाने १९७० साली याला ‘हेमोसक्कस पँक्रिएटिकस’ हे नाव दिलं. ते तोंडात बसायला आम्हाला आठवडा लागला.

जांघेतून बारीक नळी नेऊन कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्याने, फुग्याचा रक्तपुरवठा बंद केला, पोट उघडावं लागलं नाही. पण ते करणारे डॉक्टर आमच्या जिल्ह्यात मिळाले नाहीत. रक्ताची पिशवी लटकवूनच अँब्युलन्सने पुणं गाठलं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या मावशींची प्लीहेची शीर गोठली होती. तीही स्वादुपिंडाच्या मागूनच जाते. ती तुंबली की रक्त जठराच्या शिरांतून वाट काढतं आणि त्या फुगून फुटतात. यकृत ठणठणीत असूनही रक्ताच्या उलट्या! त्यांची प्लीहाच काढावी लागली.

लेखकाने पुढच्या वेळी यावर चार ओळी लिहाव्यात, ही विनंती. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘तेलकट टाळा’ छापलेलं आहे, काळ्या शौचाबद्दल अक्षर नाही. फाइलच्या पुठ्ठ्यावर त्यानेच लाल पेनाने लिहून ठेवलंय : ‘काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. दुर्बीण स्वच्छ आली तरी सीटी अँजिओचं विचारा.’

आपला,
एक वाचक, जि. सांगली