‘दुसरा चंद्र’ छापण्याआधी त्याची दृश्यप्रत पाहा

प्रति,
संपादक,

महोदय,

कालच्या पहिल्या पानावरची ‘पृथ्वीला 2083 पर्यंत दोन चंद्र’ ही बातमी वाचली. सोबत समुद्रावर शेजारीशेजारी उगवलेल्या दोन पूर्णचंद्रांचे चित्र आहे. खगोलशास्त्राला पहिल्या पानावर जागा मिळाली याचा आनंद आहे. पण ते चित्र खोटे आहे आणि मथळाही चुकीचा आहे. बातमीतला 2025 पीएन7 हा चंद्र नाही.

तो सूर्याभोवती फिरणारा लघुग्रह आहे. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो ऑगस्ट 2025 मध्ये सापडला. त्याचे वर्ष जवळजवळ आपल्या वर्षाएवढेच, कक्षा मात्र पृथ्वीच्या कक्षेपेक्षा अधिक लांबट. सूर्याजवळ असताना तो वेग घेऊन आपल्या पुढे जातो, लांब गेला की मागे पडतो. पृथ्वी स्थिर धरून हिशेब मांडला, तर तो वर्षाकाठी आपल्याला एक वळसा घालताना दिसतो. मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या दोघांपैकी एक कधी आतून पुढे निघतो, कधी बाहेरून मागे राहतो. म्हणून तो दुसऱ्याला प्रदक्षिणा घालतो असे कोणी म्हणत नाही. अशा लघुग्रहाला क्वासी-उपग्रह म्हणतात. एखादी वस्तू आपल्याभोवती दीर्घकाळ बांधून ठेवणे पृथ्वीला जमते ते सुमारे 15 लाख किलोमीटरच्या आत. खरा चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. क्वासी-उपग्रहांपैकी सर्वांत अभ्यासलेला कामोओआलेवा, ज्याच्याकडे चीनने मे 2025 मध्ये तियानवेन-2 यान धाडले, तो जवळात जवळ आला तरी सुमारे 1 कोटी 40 लाख किलोमीटरवर असतो.

हे सगळे एका बातमीपुरते असते तर लिहिले नसते. सप्टेंबर 2024 मध्ये 2024 पीटी5 या लघुग्रहाच्या वेळी आपण हेच केले होते. ‘उद्यापासून आकाशात दोन चंद्र’ असा मथळा होता आणि खाली ‘साध्या दुर्बिणीतूनही पाहता येईल’ असे वाक्य. ते वाक्य छापण्याआधी एक आकडा तपासायचा होता: दृश्यप्रत, म्हणजे वस्तू किती तेजस्वी दिसते त्याचा आकडा. तो जितका मोठा, तितकी वस्तू मंद.

पीटी5 त्या काळात 22 व्या प्रतीच्या आसपास होता. गावाबाहेरच्या काळोखात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, द्विनेत्रीतून नवव्या-दहाव्या, चांगल्या सहा इंची दुर्बिणीतून तेराव्या. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. सहावी ते बाविसावी हा सोळा प्रतींचा फरक सुमारे 25 लाख पटींचा होतो. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा 25 लाख पट मंद वस्तू कुणाच्याही गच्चीवरून दिसणार नव्हती. ती टिपायला निदान तीस इंची दुर्बीण आणि सीसीडी कॅमेरा लागतो, आणि तेवढ्यानेही भागत नाही. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवत ठेवली, तर असा लघुग्रह प्रतिमेत सरकत जातो, त्याचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर वाटला जातो आणि तो पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाच्या बऱ्याच प्रतिमा घेऊन, त्याच्या गतीनुसार एकेक प्रतिमा सरकवून त्यांची बेरीज करावी लागते. तारे रेघांसारखे उमटतात, लघुग्रह ठिपका होतो. ही खरी गंमत वाचकांना सांगण्यासारखी होती.

शिवाय पीटी5 ने पृथ्वीभोवती एकही फेरी पूर्ण केली नाही. 29 सप्टेंबर ते 25 नोव्हेंबर या काळात पृथ्वीच्या सापेक्ष त्याची ऊर्जा शून्याखाली गेली, म्हणजे तो काही काळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात बांधल्यासारखा झाला, एवढाच ‘छोटा चंद्र’ या नावाला आधार. अंतर तेव्हाही तीस लाख किलोमीटरच्या वरच. खऱ्या अर्थाने तात्पुरता उपग्रह हवा, तर 2006 आरएच120 आहे. तो 2006-07 मध्ये पृथ्वीभोवती खरोखर फिरून गेला. त्यावर आपल्या दैनिकात ओळही आल्याचे आठवत नाही. लघुग्रह समजला गेलेला 2020 एसओ तर 1966 सालच्या सर्व्हेयर-2 या चांद्रमोहिमेच्या रॉकेटचा रिकामा टप्पा निघाला, म्हणून घाईने कशालाही चंद्र म्हणणे किती धोक्याचे ते कळावे.

आणि जी बातमी छापायला हवी होती ती राहिलीच. जानेवारी 2025 मध्ये पीटी5 च्या वर्णपटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा परावर्तित प्रकाश नेहमीच्या लघुग्रहांपेक्षा चंद्रावरच्या खडकांशी अधिक जुळतो. चंद्रावर कधीतरी झालेल्या आघातात उडालेला तो तुकडा असावा. दुसरा चंद्र नव्हे, पहिल्याच चंद्राचा तुकडा! यापेक्षा मोठा मथळा कोणता हवा होता?

आकाराविषयीही एक विनंती. काल पीएन7 ‘19 मीटरचा’ असे ठामपणे छापले आहे. कुणी त्याला मोजलेले नाही. निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून वस्तू किती तेजस्वी दिसेल त्याचा आकडा) मिळते, पीएन7 ची 26 च्या थोडी वर आहे, आणि तिच्यावरून व्यास काढतात: 1329 ला परावर्तनांकाच्या (पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकतो त्या प्रमाणाच्या) वर्गमुळाने भागायचे आणि उत्तराला 10 च्या ‘उणे निरपेक्ष प्रत भागिले 5’ या घाताने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. अडचण परावर्तनांकाची, कारण तो ठाऊक नसतो. पृष्ठभाग कोळशासारखा काळा, 0.04 धरला, तर सुमारे 35 मीटर, उजळ, 0.4 धरला, तर अकराच. ‘बहुधा 11 ते 35 मीटर’ असे छापायला जागा लागत नाही. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या लघुग्रहांच्या खुल्या कोशात नाव टाकले की निरपेक्ष प्रत, कक्षा आणि पृथ्वीपासूनचे अंतर दोन मिनिटांत मिळते. उपसंपादकांनी एवढे करावे, आणि असे चित्र वापरायचेच असेल तर खाली ‘काल्पनिक चित्र’ असे लिहावे.

चंद्राचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. नागपूर आवृत्तीत संकष्टीला छापलेली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. मुंबई 72.9 पूर्व रेखांशावर, नागपूर 79.1 वर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे नागपुरात चंद्र सुमारे 25 मिनिटे आधी उगवतो. अक्षांशांमुळे काही मिनिटे इकडेतिकडे होतात. पुण्याचा फरक चारच मिनिटांचा, तो चालून जातो. विदर्भातली उपाशी माणसे मात्र दर महिन्याला चंद्र वर आलेला असताना तुमच्या वेळेची वाट पाहत बसतात. येत्या संकष्टीपासून नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरच्या वेळा स्वतंत्र छापाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर