पावतीवर गाडी चालवू नकोस

पुणे, 14 जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोन ठेवला आणि तुझं एकच वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. "पोलिसांनी लायसन ठेवून घेतलंय, पण पावती दिलीय, पावतीवर चालतंय." वहिनी शेजारी होत्या, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. पण हे पत्र वाचायला बसण्याआधी गाडीची किल्ली खिशातून काढ आणि खुंटीला लाव. मग पुढचं वाच.

हेच वाक्य गेल्या पावसाळ्यात दीड महिना मी स्वतः बोलत होतो. तुला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, सांगायला लाज वाटत होती.

आषाढातली संध्याकाळ. नळ स्टॉपचा सिग्नल लाल होता, कानाला फोन होता, आणि रस्ता मोकळा दिसला म्हणून मी गाडी पुढे काढली. पलीकडे हवालदार उभे होते. चूक माझीच होती, वाद घालायला जागाच नव्हती. त्यांनी मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला तर आधीची 7 चलानं निघाली. दोन हेल्मेटची माझी, बाकीची भाच्याची. तो वर्षभर आमच्याकडे राहून क्लासला माझीच गाडी नेत होता. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, त्यामुळे चालवणारा कोणी का असेना, चलान येतं मालकाच्या नावावर. मला एकाचाही मेसेज आला नव्हता, कारण गाडी घेताना शोरूममध्ये दिलेला मोबाईल नंबर मी केव्हाच बंद केला होता.

लायसन त्यांनी ठेवून घेतलं, पावती दिली. मी घरी येऊन 7 चलानांचे पैसे ऑनलाइन भरले आणि विषय मिटला असं समजून झोपलो.

सुहास, इथेच माझं चुकलं आणि इथेच तुझं चुकतंय. दंड वेगळा आणि लायसन वेगळं. पूर्वी पोलिसांनी कागद ठेवून घेतले की त्यांची पावती लायसनसारखी चालायची, आणि काही प्रकारांत आजही चालते. म्हणून सगळे तसंच सांगतात, अगदी गॅरेजवालासुद्धा. पण 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अतिवेग, सिग्नल तोडणं, चालवताना हातात फोन, दारू, हेल्मेट नसणं, अशा गुन्ह्यांसाठी कलम 206 खाली लायसन घेतलं तर ते निलंबनाच्या कारवाईसाठी आरटीओकडे जातं. आणि कायद्यात स्पष्ट लिहिलंय की लायसन परत हातात येईपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. तुला हेल्मेटसाठीच अडवलं होतं ना? मग तुझी पावतीही तीच.

पुढे काय झालं ते ऐक. माझ्या लायसनवर कराडच्या घराचा पत्ता होता. आरटीओने निलंबित का करू नये, खुलासा द्या, अशी नोटीस पाठवली ती कराडला. आईने लिफाफा घेतला आणि देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली जपून ठेवला. सरकारी दिसतोय, तू आलास की देईन, असं तिच्या मनात. सुनावणीची तारीख निघून गेली. मग 3 महिन्यांच्या निलंबनाचा आदेश आला, तोही त्याच फळीवर गेला. गौरी-गणपतीला घरी गेलो तेव्हा आईने दोन्ही लिफाफे एकदम हातात दिले. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं, तीही मुदत संपली होती. आईला काय बोलणार? तिने कागद सांभाळून ठेवले होते.

पण मला हे पत्र लिहायला लावलंय ते याच्याही आधी घडलेल्या एका गोष्टीने. आदेश निघाल्यानंतरच्या आठवड्यात, मला त्याचा पत्ता नसताना, पौड रोडला पावसात माझी गाडी घसरली आणि एक आजोबा पडले. कोपर खरचटलं, गुडघा सुजला, एवढंच. दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, घरी सोडलं. त्यांच्या सूनबाईंनी मला चहा दिला. तेव्हा देवाचे आभार मानले आणि विसरलो. पुढे लिफाफे हातात आल्यावर विम्याचं काम करणाऱ्या एका नातेवाइकाला विचारलं. तो म्हणाला, लायसन निलंबित असलेला माणूस गाडी चालवत असेल तर विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा कोर्टाच्या सांगण्यावरून आधी भरपाई देऊन नंतर ती सगळी तुझ्याकडून वसूल करू शकते. त्या आजोबांचं कंबरेचं हाड मोडलं असतं तर? त्या घराला मी काय देऊ शकलो असतो, सांग. हप्ता वेळेवर भरला होता, आणि तरी त्यादिवशी विमा असून नसल्यासारखा होता. त्यानंतर बरेच दिवस गुडघ्याला धरून बसलेले ते आजोबा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते.

निलंबन चालू असताना पकडलं तर 10,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण ते पैशांचं झालं. तू रोज मागे सईला बसवून क्लासला सोडतोस.

निलंबनाचे उरलेले दिवस मी वनाजहून मेट्रोने काढले, पुढे पीएमपीच्या बसने. अवघड गेलं, पण गेलं.

आता तुझं. तुझ्या लायसनवर अजून सांगलीतल्या विश्रामबागचा जुना पत्ता आहे ना? तिथल्या नव्या भाडेकरूंना आजच विचार, काही लिफाफा आलाय का. आला नसला तरी पावती घेऊन आरटीओत जा आणि प्रकरण आलंय का ते विचार. तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यांना निलंबन करता येत नाही, ती संधी कायद्यानेच दिलीय. मी ती घालवली, तू घालवू नकोस. जे झालं ते खरं सांग, लेखी दे, त्याची पोच घे. आणि लोकअदालतीत चलान कमी होईल म्हणून थांबलोय म्हणालास, तर तिथे दंडाची तडजोड होते, लायसनचा निर्णय तिथे होत नाही. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकलेस की सगळी थकबाकी फोटोसकट दिसेल. एखादं चलान तुझ्या गाडीचं नसेल तर तिथेच तक्रार करता येते. मोबाईल नंबर आणि पत्ता दोन्ही बदलून घे.

सईच्या क्लासचं मी वहिनींशी बोलतो. तिच्या मैत्रिणीचे वडील त्याच वेळेला जातात असं तूच म्हणाला होतास.

शुक्रवारची रजा टाकली आहे. गुरुवारी रात्री स्वारगेटवरून एसटीने निघतो, पहाटे सांगलीत पोचेन. आपण दोघं मिळून आरटीओत जाऊ. स्टँडवर घ्यायला गाडीने येऊ नकोस, मी रिक्षाने घरी येतो.

काकूंना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझाच,
अनिल