जिन्यातले दिवे, अर्थिंग आणि एका केबलची परवानगी

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य

विषय: बी विंगच्या जिन्यातले दोन दिवे, मीटर रूमचं अर्थिंग आणि जुन्या टेलिफोन डक्टमधून एक केबल टाकण्याबाबत

काका नमस्कार,

वर मा. अध्यक्ष वगैरे लिहिलंय कारण सेक्रेटरी म्हणाले तोंडी सांगितलेलं अजेंड्यावर घेता येत नाही, लेखी द्या. ग्रुपवर मी "संध्याकाळी नेट जातं" असं टाकलं तेव्हा चौघांनी अंगठे दिले आणि एकांनी कंपनी बदला म्हणून सांगितलं. कंपनीचा दोष नाहीये, तेच सांगायला हे पत्र.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आई-बाबा बरोब्बर खाली दुसऱ्यावर. मधला स्लॅब असा आहे की वायफाय खाली उतरतच नाही. म्हणून गेल्या वर्षी पॉवरलाइन अडॅप्टर आणले, म्हणजे दोन डबे, एक वरच्या प्लगात राउटरशेजारी, एक खालच्या प्लगात टीव्हीमागे, आणि इंटरनेट लायटीच्या वायरीतूनच जातं. वायरीत २३० व्होल्टची वीज ५० हर्ट्झवर चालू असते, त्याच तारेवर हे डबे २ मेगाहर्ट्झच्या वरचा बारीक सिग्नल चढवतात. आमचा सिग्नल आमच्या मीटरमधून मीटर रूमपर्यंत जातो आणि तिथून आई-बाबांच्या मीटरमधून परत वर येतो. दोन्ही फ्लॅट नशिबाने एकाच फेजवर (बिल्डिंगला येणाऱ्या तीन लाइनींपैकी एकाच लाइनीवर) आहेत म्हणून हे जमलं. डब्यावर स्पीड ६०० एमबीपीएस लिहिलाय पण खालचं पोर्टच १०० चं आहे, आणि दोन वीजमीटर ओलांडून आम्हाला मिळायचे ३५-४०, ते आईच्या कीर्तनाला आणि बाबांच्या व्हिडिओ कॉलला भरपूर झाले.

दिवाळीनंतर रोज संध्याकाळी सात वाजले की बंद. आधी मी माझ्याच घरातल्या चुका शोधल्या आणि त्या निघाल्या पण. खालचा डबा स्पाइक गार्डवाल्या एक्स्टेंशन बोर्डात होता, तो बोर्ड असले सिग्नल गिळूनच टाकतो, डबा थेट भिंतीतल्या प्लगात हवा. वरचा डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर होता (लाइट गेली तरी राउटर चालावा म्हणून सगळे तिथेच लावतात), म्हणजे सिग्नल इन्व्हर्टरमधून जाणार, तोही हलवला. स्वस्तातला एक मोबाइल चार्जर काढून टाकला. दुपारचा स्पीड पन्नासवर गेला, पण सात वाजले की परत तेच, दोन-तीन, कधी शून्य.

मधेच एक गंमत झाली. माझ्या फोनवरचं टीव्हीवर दाखवायला (कास्ट करायला) गेलो तर अनोळखी टीव्ही दिसायला लागला. पहिल्या मजल्यावरच्यांनी पण असलेच डबे घेतलेले, आणि हे डबे कारखान्यातून येताना सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो, पेअरचं बटण दाबून तो बदलावा लागतो, ते ना त्यांनी दाबलेलं ना मी. आता दोघांनी दाबलंय. अजून कोणी वापरत असेल तर नोटीस बोर्डावर एक ओळ टाका प्लीज, नाहीतर कोणाचं काय कोणाला दिसेल सांगता येत नाही.

तर सात वाजताचं. सात म्हणजे जिन्यातल्या दिव्यांचा टायमर. वॉचमनदादांना विनंती करून दहा मिनिटं जिन्याचा एमसीबी (त्या लाइनचा मेन बोर्डावरचा स्विच) पाडला तर नेट लगेच परत आलं, चालू केला की गेलं. तीन दिवस हेच केलं. मग बाबांचा जुना ट्रान्झिस्टर शॉर्टवेव्हवर लावून जिना उतरलो (लोक बघत होते, बघू दे), दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आणि गच्चीच्या दाराशी इतका गुर्रर्र आवाज की कानाला सहन होईना, बाकीच्या दिव्यांपाशी जवळजवळ काहीच नाही. म्हणजे नव्या एलईडी फिटिंगपैकी दोन फिटिंगचेच ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग) खराब आहेत. स्वस्त ड्रायव्हरमध्ये आतला फिल्टर वाचवलेला असतो, मग तो सगळा कचरा वायरीत सोडतो, आणि जिन्याची लाइन आपल्या मेनलाइनच्याच डक्टमधून वर आलीये. सगळे दिवे बदला असं मी म्हणत नाही. दोन ड्रायव्हर बदलायचेत, एकाचे पैसे मी देतो.

आता खरं महत्त्वाचं, ते कृपया नेटची कटकट म्हणून बाजूला ठेवू नका. इलेक्ट्रिशियनने आमच्या प्लगात व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दाखवायला हवं, ते ९०-१०० मध्ये नाचत होतं. खाली आई-बाबांकडेही तसंच. म्हणजे प्लगचं तिसरं भोक नुसतं नावाला आहे. आपल्या घरांत गीझर आहेत, वॉशिंग मशिन आहेत, बॉडीला करंट उतरला तर जायला वाट नाही. मीटर रूममागचा अर्थिंगचा खड्डा मी इथे राहायला आल्यापासून कोणी उघडलेला पाहिला नाही, त्यावर आता कुंड्या आहेत. उपविधीप्रमाणे मेन स्विचपर्यंतची लाइन सोसायटीकडे येते, तेव्हा लायसन्सवाल्या माणसाकडून सगळ्या विंगचं अर्थिंग मोजून घ्या, आणि हे पावसाळ्याआधी.

तिसरी मागणी छोटी. हे वायरीतलं इंटरनेट शेवटी कोणी कुठे काय लावतो त्यावर अवलंबून, उद्या कोणी नवा पंखा घेतला की मी परत ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात. लँडलाइनची जुनी डक्ट रिकामी पडलीये, त्यातून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर एक कॅट सिक्स (नेटची) केबल सोडायची परवानगी द्या. १०-१२ मीटरचं काम, लायटीच्या डक्टला हात लागणार नाही, भिंत फोडायची नाही, खर्च माझा.

डक्टच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे तेवढं मात्र सांगा, वॉचमनदादा म्हणतात तुमच्याकडे आणि सेक्रेटरी म्हणतात वॉचमनदादांकडे.

आपला,
बी विंग, तिसरा मजला