सायकलचं चाक आणि बांगडी

खानापूर,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

बेळगावला एमएस्सी करताना ‘फेज स्पेस’, म्हणजे वस्तूची जागा आणि वेग एकत्र दाखवणारा नकाशा, आपण पाठ केली, पेपरात लिहिली, मार्कही पडले. मला ती काल कळली. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

ताई पंचमीला माहेरी आलीय. चिंचेच्या झोक्यावर तिच्या धाकटीने विचारलं, “मामा, झोका फांदीवरून पूर्ण फिरंल काय?” दोरी वर गेली की ढिली पडते, म्हणून सायकल उलटी ठेवली नि पुढच्या रिमला तारेने एक जड नट बांधला. हलकं ढकललं की नट खालीच झुलतो. जोर लावला की चाक गरगर फिरतं. जोर अगदी बेताचा लागला, तर नट माथ्यावर जाऊन घुटमळतो. पोरं श्वास रोखून बघत होती.

रात्री कागदावर आडव्या अक्षावर नटाचा तळापासूनचा कोन घेतला, उभ्या अक्षावर वेग. झुलणं म्हणजे मधोमध बंद वळसा. फिरणं म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाटेसारखी रेघ. पण डावी कड वजा १८० अंश, उजवी अधिक १८०, आणि नट दोन्हीकडे माथ्यावरच! कागदाची सुरळी करून कडा जुळवल्या, तर ती रेघ सुरळीभोवती बंद झाली. बघ की, ताईच्या हातातल्या बांगडीसारखी! झुलण्याचा वळसा आकसत ठिपका होतो. तो तळाशी थांबलेला नट. बांगडी कितीही सरकव, सुरळीवर तिचा ठिपका होत नाही. झुलणं आणि फिरणं यांत फरक नुसत्या वेगाचा नाही रे, आकाराचा आहे. दोघांच्या सीमेवरच्या रेघेवर, घर्षण नसेल तर, माथा गाठायला अनंत काळ लागतो.

गणितज्ञ लाग्रांजने मेकॅनिक्सवरच्या १७८८ च्या ग्रंथात एकही आकृती नाही, असं प्रस्तावनेतच बजावलं होतं. आपणही मेकॅनिक्स तसंच शिकलो, नुसती समीकरणं. टोपॉलॉजीच्या, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या आकारगुणांच्या गणिताच्या, तासाला कानवाल्या कपाचा मेदूवडा केला, तो वेगळ्याच वहीत. समीकरण सुटत नसेल तर उत्तरांचा आकार बघायचा, ही वाट धरणारा फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे आणि १८९५ मध्ये टोपॉलॉजीचा पाया घालणारा प्वांकारे एकच, हे मला आत्ता कुठे उमगतंय.

आता दुहेरी लंबक, म्हणजे एका लंबकाच्या टोकाला टांगलेला दुसरा. दोन कोन, म्हणजे दोन वर्तुळं. त्याच्या सगळ्या जागांचा नकाशा मेदूवड्याच्या पृष्ठभागावर बसतो. लोखंडी पट्ट्या कापून आणल्यात, बेअरिंगं तेवढी तू बेळगावातून आण. दिवाळीला दोघं मिळून जोडू.

तुझाच