आगरी बोलणारा फक्त नोकरच का?

महोदय,

ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, हौशी प्रयोगांत एक ठोकळेबाजपणा वारंवार दिसतो. विनोदी नोकर आगरी बोली बोलतो आणि आदिवासी दाखवायचा म्हणून उजळ नटाला गडद पॅनकेक (मेकअपचा लेप) फासतात. दुसऱ्या अंकापर्यंत तो घामाने कॉलरवर उतरलेला असतो, कानामागे तर लागलेलाच नसतो. पण खोट मेकअपची नाही, भूमिकावाटपाची आहे.

पहिल्याच वाचनाला ‘शुद्ध’ उच्चारांची अट घातली की दिवा-ऐरोलीकडची आगरी बोलणारी पोरं आपोआप नोकराच्या रांगेत जातात. त्याऐवजी उतारा २ दिवस आधी द्यावा. प्रत्येकाने तो दोनदा वाचावा : एकदा लिहिलाय तसा, एकदा घरच्या बोलीत. निवड तिघांनी करावी, गुण नावावर नव्हे तर क्रमांकावर नोंदवावेत. (आडनाव विचारायची आपली खोड सहजी जात नाही!) बोलीतले संवाद ती बोलणाऱ्याकडून तपासून घ्यावेत, आणि त्याला मानधनही द्यावं.

तालीम रात्री ९.३० ला संपावी. उशीर झाला की आधी मुली गळतात.

व्हीलचेअरवरच्या कलाकारासाठी ऐनवेळी ८ फुटी फळी टाकतात. मंच ३ फूट उंच असेल तर १:१२ उताराला (१ फूट उंचीला १२ फूट लांबी) ३६ फूट लागतात. फळीवर खुर्ची मागे कलंडते. तेवढी जागा नसेल तर प्रयोग खाली, जमिनीवर करावा. चौघांनी खुर्ची उचलून नेणं ही सोय नव्हे.

– काही हौशी रंगकर्मी, ठाणे