किड्याच्या अंगात गिअर असतो, बाई!

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोरीला शाळेत होमवर्क होतं, मनानं एखादा प्राणी बनवा आणि त्याचं जीवनचक्र काढा. तिनं काढला ‘घरघऱ्या’. अंडं म्हणजे बेअरिंगमधली गोळी, ती कॉटन वेस्टमध्ये उबवायची, पिल्लू बाहेर आलं की लेथखालचा बुरा खाणार, ऑइल पिणार, सहा पाय, त्यातल्या मागच्या दोन पायांना गिअर, चार वेळा कात टाकून मोठा होणार आणि दाते झिजले की मरणार. मी १८ वर्षं हॉबिंग मशीनवर गिअरच कापतोय, त्यामुळे हे तिच्या डोक्यात कुठनं आलं ते सांगायला नको. बाईंनी लाल पेननं लिहिलं, ‘किड्याच्या अंगात गिअर नसतो’ आणि १० पैकी ४. अहो पण काल्पनिकच सांगितलं होतं ना? असो, मार्कांचं काही नाही.

गंमत पुढंच आहे. रात्री मोबाइलवर शोधत बसलो तर खरंच असा किडा निघाला. इसस नावाचा, युरोपात वेलींवर असतो, आपल्या भातावर तुडतुडे पडतात ना त्यांच्याच खानदानातला. केंब्रिज विद्यापीठातल्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन या दोघांनी २०१३ मध्ये हे दाखवून दिलं. पिल्लाच्या मागच्या पायांच्या बुडाशी दातेरी पट्ट्या, प्रत्येकीला १० ते १२ दाते, एकमेकांत अडकलेले. उडी मारताना दोन्ही पाय एकदमच सुटायला पाहिजेत, एक जरा मागं राहिला की किडा हवेत गरगरला, आणि मज्जातंतूंचा सिग्नल काही एवढा फास्ट नसतो म्हणून मग एक पाय हलला की गिअर दुसऱ्याला ओढतोच. दोघांत फरक ३० मायक्रोसेकंदांच्या आत. आमच्या वर्कशॉपमध्ये एवढं मोजायचं साधन पण नाही.

फोटो झूम करून बघितला आणि गारच पडलो, दात्याच्या मुळाशी चक्क रेडियस दिलाय, म्हणजे कोपरा गोल केलाय! आम्ही पण देतो, तिथं शार्प कॉर्नर राहिला की लोड आल्यावर दाता तिथनंच जातो. मला हे कळायला उस्तादांची बोलणी खावी लागली होती, याला अंड्यातनंच येतंय.

पण शेवटची कात टाकली की गिअर गायब. मोठा झालेला किडा पायाला पाय घासूनच काम भागवतो आणि उडी पिल्लापेक्षा भारी मारतो. असं का, तर शास्त्रज्ञांचा अंदाज असा की एक दाता तुटला तर अख्खा सेट बाद, पिल्लाला पुढच्या कातीला नवा मिळतो पण मोठ्याला परत कात टाकायचीच नसते मग स्पेअर आणणार कुठनं? मला तर हे लगेच पटलं, एका दात्यापायी पूर्ण गिअरबॉक्स उघडून बसलेली माणसं आहोत आम्ही.

पोरीला सांगितलं तर म्हणाली, “मग पप्पा, माझा घरघऱ्या चुकलाच की.” खोडरबर घेतलं, शेवटच्या चित्रातले गिअर खोडले आणि बाजूला टाकलेली कात काढली, गिअर तिच्यातच अडकलेले.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्या किड्याचा फोटो छापता आला तर बघा, जरा मोठा छापा, दाते मोजता आले पाहिजेत. कात्रण वहीत चिकटवून पोरगी बाईंकडं नेणार आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर