मे महिन्यात संगणकाच्या खोलीची किल्ली द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी गडहिंग्लज तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. हळद, अक्षता, पाठवणी, आणि शेवटी अल्बम. गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत, ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी, गावातल्या आठवी ते अकरावीच्या मुलांना मोबाइलवर सिनेमा करायला शिकवतो. मे महिना आणि लग्नसराई एकत्र येतात, त्यामुळे आमच्या शिबिराचं वेळापत्रक पंचांग ठरवतं.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. एका ताटात मेथी पेरायची आणि रोज त्याच जागेवरून, त्याच वेळेला एक फोटो काढायचा. ही युक्ती माझी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती आणि ती दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले होते. पोरं आधी हसतात. आठव्या दिवशी फोटो एकामागोमाग पळवले, मेथी सरसर वर आली, की कुणी हसत नाही.

साहेब, खेड्यातल्या पोराच्या हातात मोबाइल आहे असं सगळे म्हणतात. हात त्याचा, मोबाइल बापाचा. बाप डेअरीला दूध घालून आल्याशिवाय शूटिंग सुरू होत नाही आणि कुणाचा फोन आला की शॉट गेला. मुलींचं तर आणखी अवघड. पोराला तासभर फोन मिळतो, पोरीला ‘कशाला पाहिजे?’ हे आधी ऐकावं लागतं. म्हणून मी माझे जुने दोन फोन पहिल्यांदा मुलींना देतो. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

मागच्या उन्हाळ्यात नववीतल्या एका मुलीनं आपल्या आजीवर सिनेमा केला. आजी पिठाची गिरणी चालवते. दगडाला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं पुन्हा धार करायची वेळ झाली की तिला नुसत्या आवाजावरून कळतं. नात मोबाइल घेऊन समोर, आजी कॅमेऱ्याकडे बघून हसते, नात ओरडते, “आज्जी, हिकडं बघू नगंस!” चित्र झकास आलं. पण गिरणीच्या घरघरीत आजीचा एक शब्द ऐकू येईना. मी म्हटलं, खाली अक्षरं टाकू. तिला ते पटलं नाही. रात्री गिरणी बंद झाल्यावर तिनं आजीला गोधडीखाली घेतलं, फोन उशाशी ठेवला आणि तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग प्रश्न आला, घरघर ठेवायची की काढायची? दोन तास भांडण झालं. शेवटी तिनं घरघर हळूहळू वाढवत नेली आणि आजी “दगूड बोथट झालाय” म्हणते त्या क्षणी पूर्ण तोडली. चार मिनिटांच्या सिनेमातली ती शांतता मला वीस वर्षांच्या धंद्यात सुचली नव्हती.

हे भांडण झालं माझ्या दुकानात, एका संगणकापुढे, अकरा जणांच्या घामात. तिथून चालत पाच मिनिटांवर शाळा आहे. तिच्या खोलीत दहा संगणक प्लॅस्टिकचं आवरण घालून जूनची वाट बघत बसलेत. मी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली होती. उत्तर मिळालं, “सुट्टीत काही मोडलं तर जबाबदारी कोण घेणार?” मला राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्याला वाचवणारा एक कागद नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला. खोली शालेय शिक्षण विभागाची, सिनेमा तुमच्या खात्याचा, आणि दोन्ही खाती एकाच मंत्रालयात.

तुमच्या संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा आहे, तिनं कितीतरी मुलं रंगमंचावर आणली. पुण्यात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पण तिथल्या मुख्य अभ्यासक्रमांना जायचं तर आधी पदवी हवी. बालनाट्यातून बाहेर पडलेलं पोर आणि पदवीधर, यांच्या मधल्या वयासाठी तालुक्याच्या गावात काही नाही. आणि हा जिल्हा कुठला, तर बाबूराव पेंटरांचा, ज्यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवून त्यावर चित्रपट काढले. प्रभात फिल्म कंपनीही 1929 साली इथंच सुरू झाली आणि मग पुण्याला गेली. आमच्याकडून जाणाऱ्या गोष्टींची आम्हाला सवय आहे.

मला मोठी योजना नको. सुट्टीतले पंधरा दिवस, सकाळी नऊ ते एक, शाळेची संगणक खोली उघडी. मोडतोडीची भरपाई कुणी करायची ते लिहिलेला शासन निर्णय. आणि कोल्हापूरच्या चित्रनगरीत मुलांना एक दिवस. ती तुमच्याच महामंडळाची आहे. ट्रायपॉड आणि कॉलर माइक आम्ही वर्गणीतून घेऊ. मानधन द्यायचं असेल तर मदतीला येणाऱ्या ताईला द्या, मुली तिच्यामुळे येतात.

एक विनंती मात्र हात जोडून. विषय देऊ नका. ‘पाणी वाचवा’, ‘स्वच्छ गाव’ असं वरून आलं की पोरं सिनेमा करत नाहीत, निबंध वाचतात. एकदा आम्ही तसल्या स्पर्धेला गेलो होतो. नळ बंद करणारा हात बारा सिनेमांत होता. गिरणीवाली आजी कुठल्याच यादीत बसली नसती. बक्षीसही नको. देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधून सगळ्या गावापुढे सिनेमा लागतो तेवढं पुरतं. आजी पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, “गप, आता माझं बोलणं हाय.”

यंदाच्या सुट्टीसाठी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहून ठेवला आहे. शासन निर्णयाच्या क्रमांकाची जागा तेवढी कोरी सोडली आहे.

आपला,
गडहिंग्लज तालुक्यातला एक शूटिंगवाला